दाराशेजारचे केळफूल

आमच्या चित्रकला मंडळाचे मासिक वृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, ते माझी चित्रे पाहून नव्हे. मला चित्र काढता येत नाही. संस्कृताचा अध्यापक म्हणून निवृत्त झालो तेव्हा पत्नी म्हणाली, "दिवसभर घरात बसून माझ्या आमटीत दोष काढण्यापेक्षा माझ्याबरोबर चला." ती आधीपासून मंडळाची सभासद होती. जळगावातल्या एका वाचनालयाच्या माडीवर मंडळाची खोली आहे. तेथे दर रविवारी सकाळी दहा-बारा माणसे चित्रे काढावयास जमतात. मी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसू लागलो. दोनतीन रविवार गेल्यावर मंडळाचे संस्थापक, ज्यांना सारे आबा म्हणतात आणि ज्यांनी उभे आयुष्य शाळेत चित्रकला शिकवली, ते मला म्हणाले, "शास्त्री, नुसता बसतोस, तर लिहीत तरी जा."

तेव्हापासून मी लिहितो. एक पान असते. कोणाच्या चित्रास पारितोषिक मिळाले, कोणाच्या कन्येचा विवाह ठरला, पुढच्या रविवारी तलावाकाठी बसावयाचे आहे तरी येताना टोपी व पाणी आणावे, असा मजकूर. पूर्वी तो फळ्यावर लावीत. आता सर्वांच्या फोनवरही जातो. सभासद दिवंगत झाला तर त्याच्यासाठी चार ओळी ठरलेल्या आहेत. त्या मीच ठरवल्या. पहिल्या ओळीत नाव, दुसऱ्या ओळीत मंडळातील वर्षे, तिसरीत चित्रांचा विषय, चौथीत सद्गतीची प्रार्थना.

गेल्या फाल्गुनात पत्नी गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी वृत्त लिहावयास बसलो आणि त्याच चार ओळी लिहिल्या. आबांनी त्या वाचल्या.

"शास्त्री, ही तुझी बायको होती रे."

"नियम सर्वांना सारखाच," मी म्हणालो.

नियमाचा अभिमान म्हणून मी तसे बोललो नव्हतो. पाचवी ओळ सुचत नव्हती, एवढेच.

त्या काळाबद्दल मला फारसे सांगता येत नाही, कारण त्या काळात मला फारसे काही झाले नाही. पहाटेचे स्नान, संध्या, देवपूजा यांत एका दिवसाचाही खंड पडला नाही. सहस्रनाम म्हणावयास बसावे आणि शेवटच्या नामाशी पोचल्यावर ध्यानात यावे की मधली नामे ओठांनी म्हटली, आपण नव्हतो. देवाविषयी तक्रार नव्हती. मागणेही नव्हते. माघातल्या पहाटे नदीच्या पाण्यात बराच वेळ उभे राहिले की पाय आहेत किंवा नाहीत हे कळेनासे होते. पाण्याबाहेर आल्यावर ते दुखू लागतात. मी बाहेर आलोच नव्हतो. लोक समाचाराला येत, माझी शांती पाहून "शास्त्रींचा अभ्यास मोठा" असे म्हणत, आणि मी त्यांना पाणी देई.

श्रावणात आबांनी विषय काढला. मंडळाचे वार्षिक प्रदर्शन या वेळी धुळ्यात, तेथील चित्रकारांच्या मंडळाबरोबर व्हावयाचे होते. आमच्याकडे एक रीत आहे. सभासद गेल्यानंतरच्या पहिल्या प्रदर्शनात त्याचे एक चित्र दाराच्या उजव्या हाताला, समईच्या शेजारी लावतात. ते चित्र घरच्यांनी निवडावयाचे. प्रदर्शन संपले की ते वाचनालयाच्या माडीवर आणून भिंतीवर कायमचे टांगतात. एकच चित्र, बाकीची घरच्यांकडे राहतात आणि घरी चित्रांचे काय होते हे सर्वांना ठाऊक आहे. माडीच्या भिंतीवर तेव्हा अशी पाच चित्रे होती. त्या पाच माणसांपैकी दोघांना मी कधी पाहिलेले नाही, परंतु त्यांच्या चित्रांवरून मी त्यांना ओळखतो असे मला वाटते.

"चांगलं बघून निवड," आबा म्हणाले. "घाई नको. ती पुढं तेवढीच उरणार आहे आमच्याकडं."

पत्नीची चित्रे एका मोठ्या पुठ्ठ्याच्या बस्त्यात होती. मी तो बस्ता प्रथमच उघडला. हे सांगताना मला संकोच वाटावयास हवा, पण जे आहे ते असे आहे. तिने मला चित्रे दाखवणे फार पूर्वी बंद केले होते. शास्त्रात चित्राची सहा अंगे सांगितली आहेत. ती मला मुखोद्गत आहेत आणि मंडळात त्यांवर मी दोन वेळा व्याख्यानही दिले आहे. तिने काढलेल्या पितळी तांब्याचे चित्र पाहून मी एकदा म्हणालो होतो की यात सादृश्य साधलेले नाही. "तांब्याची काही तक्रार नाही," ती म्हणाली, आणि कागद उचलून घेऊन गेली. त्यानंतर रविवारी मी माझ्या कोपऱ्यात लिहीत असे, ती तिच्या जागी रंगवीत असे, आणि आम्ही बरोबर घरी येत असू.

बस्त्यात पन्नासएक कागद होते. मी ते जमिनीवर मांडले. तांब्या, लिंबे, खिडकी, कोणाची तरी पाठमोरी आकृती, पुन्हा लिंबे. एकेकाकडे पाहिले. काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडले. पूजेला बसावे तसा रोज सकाळी त्यांच्यापुढे बसू लागलो, आणि रोज ते कागदच राहिले. मग एके दिवशी तळाशी चिकटून राहिलेला एक कागद हाती लागला. त्यावर एक केळफूल होते. वर्तमानपत्रावर आडवे ठेवलेले, गडद जांभळे, जवळजवळ काळे. त्याचे एकच वरचे पान उचललेले, आणि त्या पानाखाली फिकट पिवळ्या कळ्यांची ओळ. ती ओळ पाहण्यासाठी मी वाकलो. आपण वाकलो आहोत हे माझ्या नंतर लक्षात आले. इतक्या महिन्यांत माझे शरीर माझ्या आज्ञेवाचून प्रथमच हलले होते.

तेच मी निवडले.

आता मंडळाची दुसरी रीत सांगितली पाहिजे. कोणीही चित्रावर आपले नाव घालीत नाही. नाव फक्त प्रदर्शनाच्या वेळी खालच्या पट्टीवर येते. आणि रविवारची बैठक संपली की समोरासमोर बसलेली दोन माणसे एकमेकांची चित्रे घरी नेतात, आठवडाभर पाहतात, आणि पुढच्या रविवारी हातोहात परत देतात. देताना त्या चित्राबद्दल एक तरी गोष्ट बोलावी लागते. निरोपाने किंवा तिसऱ्याच्या हाती चित्र परत देता येत नाही. "आपलं आपल्याला दिसत नसतं," असे आबांचे म्हणणे. "दुसऱ्याचं घरात ठेवा, जेवताना बघा, भांडताना बघा, मग कळेल त्याला." नवा सभासद आला की त्याला हा नियम लेखी देण्याचे काम माझेच. दर वर्षी मी तो सुवाच्य अक्षरात लिहितो.

पत्नी शेवटची माडीवर गेली तो पौषातला रविवार होता. मंगळवारी तिला इस्पितळात नेले. पुढच्या रविवारी तिला माडीवर जाता आलेच नाही. म्हणजे तिच्या बस्त्यात एक चित्र दुसऱ्या कोणाचे तरी असणार होते. हे ज्याला सर्वांआधी सुचावयास हवे होते त्या माणसाने ते चित्र चौकटीत बसवून घेतले आणि खाली स्वतःच्या हाताने पट्टी लिहिली.

प्रदर्शन मार्गशीर्षात भरले. माझी कन्या धुळ्यातच दिलेली आहे. मी तिच्याकडे उतरलो. उद्घाटनाला ती माझ्याबरोबर आली. दारातून आत येताच ती चित्रापुढे थांबली आणि पदराने डोळे पुसू लागली. आईच्या जाण्यानंतर मी तिला रडताना पाहिले नव्हते. तिनेही मला पाहिले नव्हते.

"बाबा, आई शेवटी किती धीट झाली होती हो," ती म्हणाली. "हा काळा रंग बघा. घरी कधी काळं नेसली नाही."

पाहुणे आले, समई लागली, भाषणे झाली. प्रत्येक जण त्या चित्रापाशी थांबत होता. धुळ्याच्या मंडळातले एक गृहस्थ म्हणाले की असा हात जळगावात होता हे आम्हाला कळवलेसुद्धा नाही. मी नमस्कार केला. पत्नीची स्तुती ऐकून मला बरे वाटले पाहिजे, असा विचार मनात आला आणि विचारच राहिला.

दुपारी गर्दी ओसरल्यावर धरणगावच्या अक्का आल्या. अक्का शेतकरी घरातल्या, साठीच्या पुढच्या. घरची कपाशी आहे, विहिरीच्या पाटावर थोडी केळीची झाडे आहेत. रविवारी सकाळची कामे उरकून त्या गाडीने जळगावला येतात, भिंतीला टेकून बसतात आणि चित्र काढून दुपारच्या गाडीने परत जातात. बोलणे अगदी कमी. मंडळात येऊन त्यांना सहा वर्षे झाली होती. प्रदर्शनासाठी त्यांचे चित्र एकदाही निवडले गेले नव्हते. निवड समिती दर वेळी म्हणे, "पुढच्या वर्षी, अक्का." त्या म्हणत, "हो ना, कुठं पळून चालली मी?" पत्नीसमोर बसणाऱ्या त्याच होत्या.

या वेळी त्यांच्याबरोबर त्यांची सून होती. मी दाराच्या आतल्या बाजूस टेबलाशी अभिप्रायवही घेऊन बसलो होतो. दोघी दारातच थांबल्या.

"अक्का!" सून म्हणाली. "हाई ते तुमनं शे!"

"उगी ऱ्हाय."

"उगी काय? त्याच फुलाची भाजी करू दिली नाही तुम्ही मला. ताटात ठेवून फडकं झाकून जळगावला नेलं, आणि परत आणलं तेव्हा ते काळं पडलेलं. मामंजी म्हणे, आता चित्रच वाढ ताटात."

"तुले सांगं ना उगी ऱ्हाय! बठ्ठा लोके ऐकतस."

बठ्ठे, म्हणजे सगळे, लोक नव्हते. मी होतो. मी उठून त्यांच्यापाशी गेलो. अक्कांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"अक्का, हे तुमचे आहे का?"

"सुनेला काय कळतं, गुरुजी. सगळी केळफुलं सारखीच."

"मला खरे सांगा."

त्या चित्राच्या जवळ गेल्या. मग म्हणाल्या, "राहू द्या. ताई गेल्या. लोकांना आवडतंय ना, मग झालं. माझं इथं दाराशी लागलं, तेवढं मला पुष्कळ. पट्टीवर नाव कुणाचं आहे ते मी वाचलंच नाही म्हणा."

सून तोंडात पदर धरून उभी होती. अक्कांनी मला नमस्कार केला, सगळे प्रदर्शन शांतपणे एक फेरी मारून पाहिले आणि सुनेला घेऊन गाडीला गेल्या.

मी आबांना शोधले. ते मागच्या खोलीत चहा घेत होते. मी सांगितले. त्यांनी कप खाली ठेवला नाही.

"मला वाटलं होतं," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"बायको तुझी. मी म्हटलं, आजारात हात बदलत असेल. आणि तू निवडलंस म्हटल्यावर, शास्त्री, मी कोण?" चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, "आता काय करतोस?"

"पट्टी बदलावी लागेल."

"आणि तुझ्या बायकोची जागा?"

प्रदर्शन तीन दिवसांचे होते, त्यातला एक संपत आला होता. बस्ता जळगावला होता, आणि तो आणला असता तरी त्यातले काय उचलावे हे मला कालइतकेच आजही कळणार नव्हते. जागा रिकामी ठेवली, तर माडीवरही ती रिकामीच राहणार. नियमाप्रमाणे पहिल्या प्रदर्शनातलेच चित्र वर जाते. हा नियमही माझ्याच अक्षरात आहे.

कन्येकडे परतल्यावर मी तिला सांगितले. ती भाकरी थापीत होती. तिचे हात थांबले.

"कोणाला कळणार आहे, बाबा?"

"मला कळले आहे."

"त्या बाई स्वतः राहू द्या म्हणताहेत. आबा काही बोलणार नाहीत. माझ्यासाठी राहू द्या ना. आज सकाळी मला आई दिसली हो तिथं."

"ती नव्हती."

तिने भाकरी तव्यावर टाकली. वळून माझ्याकडे पाहिले. तिच्या आईची चिडण्याची रीत मोठ्याने बोलण्याची होती. हिची तशी नाही.

"सत्तेचाळीस वर्षं संसार केलात. तुम्हाला आईचं एक चित्र ओळखता आलं नाही?"

"नाही," मी म्हणालो.

ती आणखी काही बोलेल म्हणून मी उभा राहिलो. तिने पाट मांडला. आम्ही जेवलो. जेवण चांगले होते आणि मी ते तसे म्हणालो.

संध्या झाल्यावर मी अक्कांना फोन केला. पलीकडे गुरांचा आवाज येत होता. उद्या पट्टीवर तुमचे नाव घालणार, एवढेच मी सांगितले. त्यांनी दोनदा नको म्हटले. तिसऱ्यांदा काही म्हणाल्या नाहीत.

"मग एक सांगू का, गुरुजी? रागावू नका. ताईंचं माझ्याकडे आहे."

"काय आहे?"

"त्यांचं केळफूल. त्या रविवारी त्यांनी माझं नेलं, मी त्यांचं. पुढच्या रविवारी मी आणलं होतं की परत. त्या आल्या नाहीत. मग त्याच्या पुढच्या रविवारीही आणलं. नंतर कळलं. हातात द्यायचं असतं ना. कुणाच्या हातात देऊ? तुम्हाला द्यावं, तर तुम्ही म्हणाल, ही आपलं परत मागायला आली. म्हणून ठेवून दिलं."

"उद्या आणाल?"

"पहिल्या गाडीनं येते."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा सभागृह उघडावयाचे होते. पायऱ्यांवर मी आणि कन्या उभे होतो. मी कन्येला ये म्हटले नव्हते. ती आली होती. अक्कांनी धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला कागद काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मी घेतला.

तेच फूल होते, तेच वर्तमानपत्र, समोरच्या बाजूने. परंतु जांभळा रंग फुलाच्या कडेबाहेर वाहून वर्तमानपत्रावर गेला होता, आणि कळ्या कोठे संपतात ते नीट कळत नव्हते. कागद वाळताना फुगून लाटांसारखा झाला होता. आदल्या दिवशी कोणी मला ही दोन चित्रे समोर ठेवून निवड म्हटले असते तर मी याच्याकडे दुसऱ्यांदा पाहिले नसते.

"बोलावं लागतं," अक्का म्हणाल्या. "नियम आहे."

"बोला."

"पाणी जास्त झालंय. त्यांचं नेहमीच व्हायचं. मी म्हणायची, ताई, ब्रश पुसत जा हो. तर म्हणायच्या, घरी दिवसभर पुसतेच आहे, अक्का. इथं तरी नको."

कन्येच्या तोंडून हसल्यासारखा आवाज निघाला. मग ती पायरीवर खाली बसली.

अक्का माझ्याकडे पाहत होत्या. त्यांचे चित्र माझ्याजवळ होते, आणि ते जिने परत द्यावयाचे ती नव्हती. म्हणजे बोलणे माझ्याकडे आले होते. सहा अंगांपैकी एकही मला आठवले नाही.

"तुमच्या चित्रात एक पान उचललेले आहे," मी म्हणालो. "त्याच्या आत पाहावयाला वाकावे लागते. मी श्रावणापासून वाकून पाहतो आहे."

"आमच्याकडे वाकून कोण पाहतं, गुरुजी? काळा दांडा काढतात आणि फोडणीत टाकतात." त्यांनी फडक्याची घडी घातली. "पण बरं वाटलं."

कागदाला चौकट हवी होती. आग्रा रोडवर एक चौकटवाला सकाळी लवकर दुकान उघडतो. कन्या मला तेथे घेऊन गेली. त्याने कागद उजेडाकडे धरला.

"काका, हा फुगलाय. काचेखाली दाबून देतो. चार दिवसांत बघा, इस्त्री केल्यासारखा सरळ."

"दाबू नका."

"मग काच नीट बसणार नाही."

"काच नको."

"धूळ बसेल ना. हे धुळं आहे," तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

"बसू द्या," कन्या म्हणाली.

त्याने नुसत्या लाकडी पट्ट्यांची चौकट करून दिली. ती हातात धरून मी रिक्षात बसलो. लाटा तळहाताला लागत होत्या.

सभागृहात आबांनी स्वतः शिडी धरली. अक्कांचे केळफूल दाराशेजारून काढून आतल्या लांब भिंतीवर, सभासदांच्या चित्रांत, खिडकीच्या उजेडाला लावले. त्याखाली मी नवी पट्टी लिहिली. अक्कांनी नाव वाचले, एकेका अक्षराखालून बोट फिरवीत, आणि सुनेला फोन करून फक्त "लागलं" एवढे सांगितले. दाराशेजारी, समईजवळ, पत्नीचे चित्र लागले. आबा दोन पावले मागे जाऊन डोळे बारीक करून पाहत राहिले. त्यांना मोतीबिंदू आहे.

"हां," ते म्हणाले. "ही ती."

मला तसे वाटले नाही. मला काय वाटले ते मी अनेकदा आठवून पाहिले आहे, कारण अशा प्रसंगी काही वाटावे अशी अपेक्षा असते. मला एवढेच दिसले की चित्र किंचित डावीकडे झुकले आहे, आणि मी ते सरळ केले.

त्या दिवशी पुष्कळ लोक आले. दारातून आत शिरत, समईला हात जोडीत, पत्नीच्या चित्रावरून दृष्टी फिरवीत आणि थेट आतल्या भिंतीकडे जात. अक्कांच्या चित्रापुढे घोळका असे. आदल्या दिवशीचे धुळ्याचे ते गृहस्थ पुन्हा आले होते. दोन्ही पट्ट्या वाचून ते गोंधळले, आणि मी त्यांना काय घडले ते सांगितले. ते म्हणाले, "अरेरे." नंतर अक्कांपाशी जाऊन त्यांनी बराच वेळ रंगांविषयी विचारले. अक्का उभ्या राहून उत्तरे देत होत्या, पदर पुनःपुन्हा सारखा करीत. कन्या दुपारी घरी गेली. जाताना ती आईच्या चित्रापाशी थांबली, पण रडली नाही. जवळ जाऊन वास घ्यावा तसा कागद पाहिला.

मी माझी खुर्ची टेबलापासून उचलून दाराशेजारी, चित्राच्या समोर आणून ठेवली होती. दुपारच्या गाडीची वेळ झाली तरी अक्का थांबल्या होत्या. चारच्या सुमारास महाविद्यालयात शिकणारी दिसावी अशी एक मुलगी आत आली. तिच्या खांद्याला कागदांची नळी होती. ती आत जाता जाता परत फिरली आणि पत्नीच्या चित्रापुढे उभी राहिली. तिने पट्टी वाचली, मग चित्राकडे, मग माझ्याकडे पाहिले.

"आजोबा, हे तुमच्या ओळखीतल्यांचं आहे का?"

"माझ्या पत्नीचे."

तिला वाईट बोलावयाचे नव्हते, हे दिसत होते. पण ती शिकणारी होती आणि डोळ्यांना दिसले ते तिच्याने मनात ठेववेना.

"पाणी थोडं जास्त झालंय ना?"

"हो," मी म्हणालो. "तिचे नेहमी जास्त होई. ब्रश पुसत नसे."